बाईंना कळायला नको

२ ऑक्टोबर

बेबी,

पोचलो. बसचा रस्ता इथे संपतो, उद्यापासून पायी. पोचल्याचं कळवते म्हटलं होतं म्हणून लिहितेय. दुसरं कारण असं, की मला कोणाशी तरी बोलायचंय. इथे बोलण्यासारखं माणूस एकच, ते म्हणजे तुझे दादा, आणि बोलायचंय ते नेमकं त्यांच्याबद्दलच.

खोली बरी आहे. दोन लाकडी पलंग, एक खिडकी, खिडकीत अर्धी काच आणि अर्धा पुठ्ठा. खाली सगळी सामानाची दुकानं: दोरखंड, कंदील, कोणीतरी घालून सोडलेले बूट. ट्रेक कंपनीच्या कचेरीत आमचे कागद तपासले. पंचावन्नच्या वरच्यांना डॉक्टरचा दाखला आणि ई.सी.जी. लागतो, तो तू करून दिला होतास ना, तो बघून कारकून म्हणाला, "साहेबांचं हृदय तर चाळिशीतलं वाटतंय." तुझे दादा हसले नाहीत. एरवी कोणी यांच्या केसांचं कौतुक केलं, जे आता उरलेलेच नाहीत, तरी दिवसभर खूश असतात.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा असेल. काटक, कमी बोलणारा. गळ्यात कायम एक तपकिरी मफलर, म्हणून मी त्याचं नाव मफलरच ठेवलंय. आज दुपारी मी नवे बूट घालून जिना चढून उतरून बघत होते. वर आले तर खोलीत हे दोघं हळू आवाजात बोलत होते. मी दारात पाऊल टाकलं आणि बोलणं थांबलं. कानावर एवढंच पडलं: "बाईंना कळायला नको." कोण म्हणालं ते समजलं नाही.

मी विचारलं, "काय कळायला नको?"

तुझे दादा म्हणाले, "अगं, पुढे एक झुलता पूल आहे. तू घाबरशील."

मी आणि पुलाला घाबरणार. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळात केसाएवढे स्क्रू बसवतेय, अजून हात थरथरत नाही. आणि हे यांना ठाऊक आहे.

मला वाटतं यांना मला मध्येच कुठेतरी ठेवून पुढे जायचंय. मुळात यांना एकट्यालाच यायचं होतं. मी स्वतःसाठी बूट आणले तेव्हा यांचा चेहरा तू बघितलास. पस्तीस वर्षं नकाशा कचेरीत बसून डोंगरांच्या रेषा काढल्या आणि एकाही डोंगरावर पाय ठेवला नाही. आता निवृत्त झाल्यावर एकदम बेस कॅम्प. जावं की, मी कुठे नाही म्हणतेय. पण मग माझी अडचण का?

तुझ्याजवळ काही बोलले असतील तर कळव. पत्र इथल्या कचेरीच्या पत्त्यावर टाक. भाजीपाला आणि डाक घेऊन दिवसाआड माणूस वर येतो, आम्ही असू त्या गावात पोचवतो.

आणि माझ्या घड्याळांच्या दुकानाची खिडकी अधूनमधून उघडत जा, दमट वास धरतो.

वहिनी


६ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. घड्याळातली धूळ बघून बघून तुला माणसांतही धूळ दिसायला लागलीय. दादाला गुपित ठेवता येतं का कधी? माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी त्याने फाटकातूनच आरडाओरडा करून सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. पूल म्हणाला तर पूलच असणार.

इथे सगळं नेहमीसारखं. दवाखान्यात आमच्या ई.सी.जी.च्या खोलीत सकाळपासून रांग असते. झोपा, हालू नका, बोलू नका, झालं, उठा. दिवसभरात हीच पाच वाक्यं. काल एक आजोबा पलंगावर झोपल्या झोपल्या घोरायला लागले, त्यांची पट्टी सगळ्यांत सुंदर आली. तुझं दुकान उघडलं होतं. तो गजराच्या घड्याळवाला पुन्हा येऊन गेला. म्हणाला, "बाई हिमालयात गेल्या असोत नाहीतर चंद्रावर, माझ्या घड्याळाचं काय?" मी म्हटलं तोवर कोंबडा पाळा.

एकच सांगते, रागावू नकोस. दादाला सावकाश चालू दे. तुझा झपाटा आम्हाला माहीत आहे, तुझ्यामागे चालताना माझासुद्धा दम निघतो. त्याला जड पिशवी देऊ नकोस. मध्ये मध्ये थांबत जा. चढावर बोलायला लावू नकोस त्याला. तो नाही म्हणणार नाही, पण साठीला आलाय.

आणि पाणी भरपूर प्या.

तुझी अठ्ठेचाळीस वर्षांची बेबी


११ ऑक्टोबर

बेबी,

पत्र काल मिळालं. डाकवाला कोबीच्या पोत्यातून काढून देतो, त्यामुळे तुझ्या पत्राला कोबीचा वास येत होता.

दादाला सावकाश चालू दे, जड देऊ नकोस, थांबत जा, बोलायला लावू नकोस. चारदा यांची काळजी आणि माझी एकदाही नाही. मी काय खेचर आहे? गंमत म्हणून नाही विचारत. तू अशी कधी लिहीत नाहीस.

वाट सुंदर आहे, ते मान्य केलंच पाहिजे. नदी खाली, आपण वर, आणि डोंगर इतके जवळ की मान मोडते. झुलता पूल लागला. मी पलीकडे जाऊन यांची वाट बघत उभी राहिले. हे मधोमध थांबले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. खूप वेळ. मफलर यांच्या मागे उभा होता आणि तो डोंगराकडे बघत नव्हता, यांच्याकडे बघत होता.

आता हे ऐक. हे दिवसातून तीस-चाळीस वेळा फोटो काढायला थांबतात. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल आहे. तो निघाल्यापासून बदललेला नाही. मी काल मुद्दाम कॅमेरा हातात घेऊन आकडा बघितला. अकरा. नऊ दिवसांत अकरा फोटो.

दुसरं. मफलर रोज दुपारी मुक्कामाला पोचल्यावर आमच्या नाडीचे ठोके वहीत टिपतो. कंपनीचा नियम आहे. प्रत्येकाने आपले आपण मोजून सांगायचे. माझे पहिल्या गावात ऐंशी होते, मग चौऱ्याऐंशी, नव्वद, काल शहाण्णव. जसं चढतोय तसे वाढतायत, सगळ्यांचेच वाढतात म्हणे. यांचे रोज शहात्तर. कधी पंच्याहत्तर नाही, सत्त्याहत्तर नाही. बेबी, जो काटा हलत नाही ते घड्याळ बंद असतं, एवढं तर मला कळतं. मी म्हटलं, "आणा हात, मी मोजते." तर हात खिशात घालून म्हणाले, "तुझे हात गार आहेत."

तिसरं. खिशात एक लहानशी डबी असते. विचारलं तर खोकल्याच्या गोळ्या. यांना खोकला मी अजून ऐकलेला नाही.

आणि परवापासून सुरू झालंय, पुढच्या मोठ्या गावात तू राहा, विश्रांती घे, मी चार दिवसांत वर जाऊन येतो. बघ, मी म्हटलं नव्हतं? मला ठेवून जायचंय. मफलर यात सामील आहे असं दिसतंय. आज मी त्याला आडून आडून विचारलं तर म्हणाला, "साहेबांशी बोला." आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी लपवतेय.

तुला काय वाटतं ते सरळ लिही.

वहिनी


१५ ऑक्टोबर

वहिनी,

सरळ लिहायचं तर मला तुझीच काळजी वाटायला लागलीय. हे घे, एकदाची तुझी काळजी केली. आमच्या मोठ्या डॉक्टरांना मी सहज विचारलं. ते म्हणाले, उंचीवर हवा विरळ होते, मेंदूला प्राणवायू कमी पडतो, झोप नीट लागत नाही आणि माणसाला नाही नाही त्या शंका यायला लागतात. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ असेच ट्रेकला गेले होते, त्यांना सोबतचे सगळे आपले मोजे चोरतायत असं वाटत होतं. खाली उतरल्यावर आपोआप गेलं.

दादा फोटो कमी काढत असेल तर रोल जपून वापरत असेल. त्याचा स्वभाव तुला माहीत नाही का? पेन्सिल बोटाएवढी होईपर्यंत टाकत नाही. नाडीचं म्हणशील तर काहींची असते तशी, संथ. आणि खोकल्याच्या गोळ्यांचा एवढा काय बाऊ? कोरड्या हवेत घसा सुकतो, जिभेखाली एक धरली की बरं वाटतं. त्यासाठी माणूस आजारी असावा लागत नाही.

मात्र मोठ्या गावात राहण्याचं तो म्हणतोय ते ऐकू नकोस. मी त्याच्या बाजूची नाही हे यावरून तुला पटेल. तू त्याच्यासोबतच राहा. वाटलं तर दोघंही तिथूनच परत फिरा. बेस कॅम्पवर काय आहे, दगड आणि बर्फच ना? त्याला समजाव की इथपर्यंत आलो तेही पुष्कळ झालं. माझं नाव सांगू नकोस.

काल पावसाची एक सर येऊन गेली, खिडकी उघडीच राहिली होती. घाबरू नकोस, घड्याळं आत होती.

बेबी


२० ऑक्टोबर

बेबी,

मी तुला लिहिलेलं शब्द न् शब्द मला पाठ आहे, कारण मी आधी कच्चं लिहून मग पक्कं लिहिते आणि कच्चं वहीत राहतं. ते आज काढून बघितलं. डबी लिहिलंय. खोकल्याच्या गोळ्या लिहिलंय. त्या जिभेखाली धरतात असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लिहिणार कशी, मी बघितलंच नव्हतं.

खोकल्याची गोळी माणूस चघळतो, गालात धरतो. जिभेखाली कोण ठेवतं?

तुझं पत्र आल्यावर मी लक्ष ठेवलं. आज सकाळी गावाबाहेरच्या दगडी पायऱ्यांवर हे मागे राहिले. मी वळणाआड थांबून बघितलं. यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, दुसऱ्या हाताने डबी काढली, गोळी तोंडात टाकली आणि जीभ उचलल्यासारखा जबडा हलवला. कॅमेऱ्यावरचं झाकण काढलेलं नव्हतं.

म्हणजे तुला माहीत आहे. मला वेड्यात काढण्याएवढं माहीत आहे. मोज्यांची गोष्ट रंगवून सांगितलीस, मी अर्धा दिवस खरंच घाबरले होते, माझंच डोकं फिरलंय की काय म्हणून.

आम्ही या मोठ्या गावात तीन दिवस थांबणार, अंगाला हवेची सवय व्हावी म्हणून. मग वरच्या शेवटच्या मुक्कामाला एकोणतीस-तीसपर्यंत पोचू. तिथून बेस कॅम्प तीन तास. मी इथे राहणार नाही हे यांना सांगितलंय.

तुझं उत्तर त्या शेवटच्या मुक्कामावर मला मिळालं पाहिजे. यांना मी काही विचारणार नाही, कारण हे खोटं सांगतील आणि ते मला ऐकायचं नाही. तू सांग. या वेळी हवा, प्राणवायू आणि माझं दुकान यातलं काहीही नको.

वहिनी


२४ ऑक्टोबर

वहिनी,

दोनदा लिहून फाडलं. आता जे होईल ते होवो.

दादा मे महिन्यात माझ्याकडे दवाखान्यात आला होता. तुला सांगून आला होता की बेबीला डबा द्यायला चाललोय. जिना चढताना छातीत आवळून येतं म्हणाला. मी त्याला झोपवलं आणि पट्टी काढली. मी बावीस वर्षं त्या पट्ट्या बघतेय. त्याला उठा म्हणायला माझ्या तोंडातून शब्द निघेना. मग पुढच्या तपासण्या केल्या, दुसऱ्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात, तो नकाशा कचेरीच्या पेन्शनच्या कामाला जातो म्हणून सांगून जायचा ना, ते हेच. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या, त्यातल्या दोन जवळजवळ बंद. ऑपरेशन लगेच करा म्हणाले.

त्याने नाही म्हटलं. वडिलांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा दादाच त्यांचा चष्मा हातात धरून बाहेर उभा होता. तो चष्मा परत द्यायची वेळ आली नाही. तेव्हापासून तो दवाखान्याच्या दिव्याखाली झोपायला तयार नाही.

मग हा ट्रेक काढला. दाखल्यासाठी माझ्याकडे आला. मी नाही म्हटलं, भांडले, रडले. तो खुर्चीवर बसून राहिला आणि म्हणाला, "बेबी, मी आयुष्यभर दुसऱ्यांनी चढलेले डोंगर कागदावर उतरवले. एकदा जाऊ दे." मी पलंगावर झोपले, स्वतःची पट्टी काढली आणि वर त्याचं नाव लिहिलं. डॉक्टरांनी ती बघून सही केली. कारकुनाने चाळिशीतलं म्हटलं ते हृदय माझं आहे.

तुला सांगायचं नाही अशी त्याने शपथ घातली. म्हणाला, ती एक पाऊल टाकू देणार नाही. मला वाटलं होतं तू सोबत नसशील तर तो दोन दिवसांत दमून परत येईल. तू बूट आणलेस आणि सगळंच बदललं.

आणखी एक. निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "वर काही झालं तर वाईट जागा नाही ती." मी म्हटलं असं बोलू नकोस. तो हसला आणि म्हणाला, "तिला मी खालच्या गावात ठेवीन, काळजी करू नकोस." तेव्हा मला वाटलं तुला त्रास नको म्हणून. तुझं अकरा तारखेचं पत्र आलं, त्यात तुला मोठ्या गावात ठेवून वर जातो म्हणतोय असं वाचलं, आणि मी दवाखान्यातल्या खोलीत उभीच राहिले.

त्याला खाली आण. कसंही कर. मला नंतर हवं ते बोल.

बेबी


३० ऑक्टोबर

बेबी,

पत्र आज सकाळी मिळालं. तुझ्याबद्दल मला काय वाटतंय ते आज लिहीत नाही, वेळ नाही.

इथे चार दगडी खोल्या आहेत आणि एक चूल. झाड नाही, गवत नाही. खिडकीतून वाट दिसते, राखाडी दगडांतून वर जाणारी, आणि तिच्या टोकाला बेस कॅम्पचे तंबू, पिवळे ठिपके. तुझे दादा सकाळपासून बाहेर बाकावर बसून त्याकडे बघतायत. ओठ निळे पडलेत. उद्या पहाटे निघायचं म्हणतायत. मला म्हणाले, "तुझे डोळे सुजलेत. तू इथेच थांब."

मी मफलरला स्वयंपाकघरात गाठलं. तुझं पत्र हातात होतं. म्हटलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं."

तो म्हणाला, "पहिल्याच गावात. जिन्यावर थांबले आणि गोळी जिभेखाली ठेवली. माझा मोठा भाऊ अशाच गोळ्या घ्यायचा. मी साहेबांना म्हटलं, बाईंना सांगा, नाहीतर मी नेणार नाही. ते म्हणाले आत्ता बाईंना कळायला नको, मोठ्या गावात मी स्वतः सांगतो."

"मग?"

"मोठ्या गावात म्हणाले, सांगितलं. बाई म्हणाल्या, जाऊ या." "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तरी तुम्ही नेताय. मी तुम्हाला फार वेगळं समजत होतो, बाई."

म्हणजे इतके दिवस मी याच्यावर संशय घेत होते आणि हा माझ्यावर.

मी विचारलं, उद्या वर गेले तर काय होईल. तो म्हणाला, "तीन तास म्हणतात, यांना सहा लागतील. वाटेत काय होईल ते तुम्हीच समजा. मी आता पुढे नेणार नाही. पण ते एकटे निघाले तर मी त्यांना बांधून ठेवू शकत नाही."

मीही तोच विचार करत होते. समोर जाऊन भांडले तर हे आत्ता उठून चालायला लागतील, आणि रागात चढतील. रागात चढणं यांना झेपणार नाही. तुझं नाव घेतलं तरी तेच. तेव्हा एकच रस्ता उरतो. मफलरला सांगितलंय, तो हो म्हणालाय. इथे डोकं दुखणं, उलटी होणं म्हणजे ताबडतोब खाली, तिथे कोणी वाद घालत नाही.

मला नाटक येत नाही. पण तुम्ही दोघांनी पाच महिने केलंत, तर मला एक सकाळ जमेल.

डाकवाला निघालाय. पत्र त्याच्याकडे देते आणि उद्या सकाळी आजारी पडते.

वहिनी


५ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र आज आलं. आज तारीख पाच आणि तू लिहिलंस तीसला. या सहा दिवसांत काय झालं असेल ते मला माहीत नाही आणि कोणाला विचारणार तेही माहीत नाही. ट्रेक कंपनीच्या कचेरीत ट्रंककॉल लावला. तो कारकून म्हणाला वरून काही निरोप नाही. निरोप नाही म्हणजे चांगलं की वाईट, विचारलं, तर म्हणाला, "बाई, निरोप नाही म्हणजे निरोप नाही."

मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. पट्टी माझी आहे, सही तुम्ही माझ्या पट्टीवर केलीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मशीनला हात लावायचा नाही." आता मी जुन्या कागदांच्या खोलीत बसते, चौकशी व्हायचीय. माझ्या जागी आलेली मुलगी पेशंटला बोलू नका म्हणायला विसरते, तिच्या पट्ट्या वेड्यावाकड्या येतात. भिंतीपलीकडून ऐकू येतं.

हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलं नाही. तुला आणखी काही कळायचं राहू नये म्हणून लिहिलं.

एक ओळ पाठव. कसलीही.

बेबी


९ नोव्हेंबर

बेबी,

तुझे दादा जिवंत आहेत. आम्ही पहिल्या गावात, त्याच पुठ्ठ्याच्या खिडकीच्या खोलीत आहोत. तुझं पत्र काल इथे मिळालं.

एकतीसला सकाळी मी उठलेच नाही. हे बूट घालून आले तेव्हा म्हटलं, "माझं डोकं फुटतंय." हात कपाळावर ठेवला. हे माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीतून त्या वाटेकडे बघितलं, एकदाच. आणि मफलरला हाक मारली, "सामान बांधा, हिला खाली न्यायचंय." मी इतका वाद तयार ठेवला होता, तो सगळा तसाच राहिला.

उतरताना माझा हात धरून चालत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकाठच्या मोठ्या दगडापाशी हे खाली बसले आणि उठेनात. या वेळी कॅमेरा काढला नाही. डबी हातातून पडली, गोळ्या दगडांत गेल्या, मी आणि मफलर गुडघ्यांवर बसून शोधत होतो. एक सापडली. मग मफलरने ओझ्याच्या टोपलीतलं आमचं सगळं सामान तिथेच वाटेवर काढून टाकलं, टोपलीची एक बाजू कापली, यांना तीत बसवून पाठीवर उचललं आणि टोपलीचा पट्टा कपाळावर घेतला. तो मफलर घामाने भिजून गेला तेव्हा त्याने पहिल्यांदा गळ्यातून काढला. मोठ्या गावातल्या दवाखान्यापर्यंत पाच तास. मी मागून यांची पाठ धरून चालत होते.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण आहे, तिने यांना दोन दिवस प्राणवायूवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी हे बोलायला लागले. म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"बेबीचं पत्र आलं त्या दिवशी. आणि मला कळलंय हे तुम्हाला कधी कळलं?"

"तू डोकं दुखतंय म्हणालीस तेव्हा. तीस वर्षांत तू मला कधी काही दुखतंय म्हणून सांगितलं नाहीस. खरंच दुखत असतं तर म्हणाली असतीस, चला, उशीर होतोय."

"मग वळलात कशाला?"

"तुला खोटं बोलायला लागलं," एवढंच म्हणाले.

मी विचारलं, "वरून परत येणार होतात का?" यांनी पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "ठरवलं नव्हतं."

मी उठून बाहेर गेले. तिथे एक कुत्रा उन्हात झोपला होता, त्याच्याशेजारी पायरीवर बसले. मला रडू आलं नाही, राग आला. ठरवलं नव्हतं म्हणे.

दवाखान्याला औषधं घेऊन येणाऱ्या लहान विमानात आम्हाला इथपर्यंत दोन जागा दिल्या. आता दहा दिवस इथे विश्रांती, मग वीस तारखेच्या बसने घरी. ऑपरेशनला हो म्हणालेत. फार पटकन म्हणाले, म्हणून मला अजून खात्री वाटत नाही.

आता तुझं. तुझी नोकरी जाईल की राहील ते मला माहीत नाही, आणि तू खरं सांगून टाकलंस ते बरं केलंस. तुझ्या दादांना नाही म्हणणं तुला जमलं नाही, हेही मी समजू शकते, मलाही नेहमी जमतं असं नाही. पण वहिनीला कळलं तर ती अडवेल, असं तुम्ही दोघांनी मिळून ठरवून टाकलंत. कदाचित मी अडवलं नसतं. कदाचित गोळ्या माझ्या खिशात ठेवून मी बरोबर आले असते, आणि मधल्याच गावातून, हे, मी आणि मफलर तिघांनी मिळून डोंगर बघून, हसत परत फिरलो असतो. आता ते कोणालाच कळणार नाही, मलासुद्धा. ते मात्र मला तुला माफ करता येत नाहीये. पुढे येईल. तू घरी ये, पण लगेच बोलायची घाई करू नकोस.

मी बाजारात चाललेय, पाकीट चिकटवून डाकेत टाकायला यांच्याकडे देते. यांनी रोज जरा चालावं असं डॉक्टरीणबाईने निघताना सांगितलंय.

वहिनी


(त्याच कागदाच्या मागे, वेगळ्या, सुबक अक्षरात)

बेबी, हिने लिहिलेलं मी वाचलं. सगळं बरोबर आहे, एक सोडून. ठरवलं होतं. हिला मोठ्या गावात, नाहीतर शेवटच्या मुक्कामावर ठेवायचं आणि मी वरच राहायचं, परत यायचं नाही. दवाखान्याच्या दिव्याखाली जाण्यापेक्षा ते मला सोपं वाटत होतं. हिने कपाळावर हात ठेवला, तोही चुकीच्या बाजूने, पंजा उलटा करून, तेव्हा मला ते करता येईना. हे हिला मी स्वतः सांगेन, घरी आल्यावर, सवडीने. तोवर तू बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे.

दादा


१३ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. तू वीसपर्यंत तिथे आहेस म्हणून लगेच पाठवतेय.

सोबत तुझंच पत्र परत जोडलंय. पान उलटून मागची बाजू वाच.

बेबी